गोळीत काहीच नसलेले भुईगाव

दुपारची जेवणे आटोपली की भुईगावात एक वेळ अशी येते, जेव्हा वाड्यांमधले पंप बंद असतात, केळीची पाने हलायचीही थांबतात आणि समुद्राचा आवाज सुरूंच्या रांगेमागून निघून सावकाश घरांच्या ओट्यांपर्यंत येतो. ॲनिशाचे खरे काम याच वेळी चाले. मांडीवर संगणक, समोर विहीर आणि डोळे अर्धवट मिटलेले. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, बाई पेंगते आहे. वडिलांचे जुने दोस्त स्टॅनीकाका सायकल थांबवून विचारत, "काय गं, आज कुठला आकडा लागणार?"

"तुमचा तरी नाही लागणार, काका."

"तेच म्हणतो मी. इतकी शिकलीस, पण गावाला काही फायदा नाही."

एवढे बोलून ते समाधानाने पुढे जात. ॲनिशा करते काय, हे गावाला नीटसे ठाऊक नव्हते. बॅप्टिस्टची मुलगी मुंबईला जाऊन संख्याशास्त्र शिकली, कुठल्याशा मोठ्या औषध कंपनीत काही वर्षे राहिली आणि मग नोकरी सोडून वडिलांच्या केळीच्या वाडीत परत आली, इतकेच लोक जाणत. ती का परतली, हे तिने कोणाला सांगितले नव्हते. त्या कंपनीत उत्तर आधी ठरे आणि त्याला शोभेल असा प्रश्न नंतर शोधला जाई. तिथे कोणी खोटे बोलत नसे. कोणाला तशी गरजही पडत नसे. तिने भांडण केले नाही, फक्त निघून आली. आता ती लहान रुग्णालयांना आणि एखाद्या एकट्यादुकट्या डॉक्टरांना त्यांच्या अभ्यासांचे गणित करून देई. लग्नाचे कोणी विचारीत नसे. विचारणारे थकले होते.

लहानपणी तिचा असा समज होता की विहिरीत एक दुसरे भुईगाव आहे. कठड्यावरून वाकले की खाली तीच केळी, तोच आभाळाचा तुकडा, तोच रहाट दिसे. सगळे उलटे आणि किंचित थरथरणारे. "तिथले लोक काय करतात?" असे तिने एकदा वडिलांना विचारले होते. बॅप्टिस्टने पाण्याकडे पाहून गंभीरपणे सांगितले होते, "तेही वाकून हाच प्रश्न विचारतायत."

पुढे विद्यापीठात गृहीतकांची परीक्षा शिकताना तिला हे दुसरे गाव पुन्हा भेटले. औषधाचा गुण तपासायचा, तर आधी एक असे गाव कल्पायचे जिथे गोळीत काहीच नाही. तीच माणसे, तीच दुखणी, दुखण्यांचे तेच कमीजास्त होणे. फक्त गोळी पोकळ. त्या गावात हीच चाचणी पुन्हा पुन्हा केली, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक किती वेळा दिसेल? शंभरात पाचांहून कमी वेळा दिसत असेल, तर शास्त्राच्या रूढीप्रमाणे 'परिणाम आहे' असे लिहायचे. त्याहून जास्त वेळा दिसत असेल, तर 'परिणाम आढळला नाही' असे लिहायचे. पाचाची रेघ कोण्या देवाने आखलेली नव्हती. एका पिढीने सोयीसाठी मारली आणि पुढच्यांनी तिला कुंपण मानले. ॲनिशाला त्या रेघेहून मोठा दोष वेगळ्याच ठिकाणी दिसे. हे गणित स्वप्नातल्या गावाविषयी बोलते. त्या गावात काय घडले असते ते सांगते. आपण कोणत्या गावात राहतो ते सांगत नाही. लोक मात्र नेमके तेच त्याच्याकडून ऐकून घेतात.

त्या वर्षी तिच्या हाती डॉ. विलास पाटणकरांचा अभ्यास होता. वसई गावात दवाखाना चालवणारे हे साठीचे गृहस्थ. चिकुनगुनियाची साथ ओसरली, तरी किनाऱ्यावरच्या गावांत कित्येकांची बोटे आखडलेली राहिली. कोणाला कळशी उचलता येईना, कोणाला सदऱ्याचे बटण लावता येईना. एका जुन्या, स्वस्त, दुसऱ्याच आजारावर दिल्या जाणाऱ्या गोळीने ही बोटे सुटतात असे डॉक्टरांना वाटे. मुंबईच्या एका विश्वस्त संस्थेने थोडी मदत दिली आणि किनाऱ्यावरच्या गावांतून माणसे घेतली गेली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पोकळ गोळी. कोणाला काय मिळाले हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरांना. ॲनिशाकडे माणसांची नावे नव्हती, फक्त सांकेतिक क्रमांक आणि आळ्यांची नावे. कोणता एकच प्रश्न विचारायचा, तेही आधीच लिहून ठेवले होते: सगळ्यांच्या हाताची पकड सुधारली का.

ईस्टरनंतरच्या एका दुपारी उत्तर आले.  तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला.

"बोल. रेघेखाली आलं?"

"नाही, डॉक्टर. वर राहिलं."

"किती वर?"

"थोडंसं. त्या कल्पनेतल्या गावात असा फरक शंभरात सात-आठ वेळा दिसला असता."

 डॉक्टर म्हणाले, "नुसत्या बायका घेऊन बघितल्यास?"

"नाही."

"साठीच्या वरच्या? ज्यांना ताप जास्त दिवस होता त्या?"

"डॉक्टर, एवढ्या चाळण्या लावल्या की कुठल्यातरी चाळणीत सोनं सापडणारच. गोळी पोकळ असती तरी सापडलं असतं."

"मला शिकवू नकोस गं," ते थकून म्हणाले. "मी ते हात बघितलेत. सोमवारी अहवाल जायचाय. संस्थेचे लोक शेवटची ओळ वाचतात, बाकी काही नाही. 'परिणाम आढळला नाही' असं गेलं की ही गोळी मेली. दोन पैशांची वस्तू. कोणती कंपनी परत उचलणार आहे?"

ते खरेच होते. उलट बाजूही तितकीच खरी होती. 'परिणाम आहे' अशी ओळ गेली असती, तर साऱ्या तालुक्याच्या दवाखान्यांतून ही गोळी वाटली गेली असती. ती यकृताला जड जाते. घेणाऱ्याचे रक्त तपासत राहावे लागते आणि गावाकडे ते कोणी तपासत नाही. एका ओळीवर दोन्हीकडची माणसे उभी होती आणि ती ओळ ॲनिशाला सही करून द्यायची होती.

शनिवारी सकाळी ती चर्चच्या वेदीसाठी मोगरा आणायला काकींकडे गेली. फ्लॉसीकाकी आणि ॲनीकाकी या तिच्या दोन चुलत्यांच्या बायका. चुलते गेले, राहिले एक घर, मधोमध भिंत, दोन स्वयंपाकघरे आणि भिंतीत एक लहान खिडकी, जिच्यातून कालवणाची वाटी आणि टोमणे दोन्ही ये-जा करत. बाहेर विहीर मात्र एकच. सकाळचे पाणी थोरल्या फ्लॉसीचे, संध्याकाळचे धाकट्या ॲनीचे, असे सासूने ठरवून दिले होते. सासू जाऊनही युग लोटले होते, पण पाळी कधी चुकली नव्हती. जावांचे तीन-तीन महिने बोलणे बंद असे, त्या काळातही नाही. दोघी चाचणीत आहेत हे ॲनिशाला ठाऊक होते. त्यावर बोलायचे नाही, हा नियम तिनेच स्वतःला घालून घेतला होता.

फ्लॉसीकाकी पाठमोरी उभी राहून कळ्या खुडत होती. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कळी धरायची, देठाला अलगद पीळ द्यायचा, ओंजळीत टाकायची. गेल्या वर्षी हेच हात तिने गुंडाळलेल्या फडक्यासारखे पोटाशी धरले होते आणि फुललेला मोगरा झाडावरच पिवळा पडू दिला होता. ॲनिशा ती बोटे पाहत राहिली. पांढऱ्या कळ्या एकामागून एक सुटत होत्या. कोणी पाण्यातून बुडबुडे काढून घ्यावेत तसे ते दिसत होते.

"आत ये. चहा टाकते," काकी म्हणाली.

आत घरातल्या वेदीखालच्या फळीवर लोणच्याची एक काचेची बरणी होती. फ्लॉसीकाकीने झाकण काढले, न बघता आत हात घातला, एक गोळी तोंडात टाकली आणि बरणी खिडकीतून पलीकडे दिली. पलीकडून ॲनीकाकीचा हात आला.

"काकी, ही कसली गोळी?"

"कसली म्हणजे? तुझ्या डॉक्टरांची. अहवाल येईपर्यंत देतायत ना."

"आणि बाटली?"

"बाटल्या धुऊन ठेवल्या. चांगल्या होत्या. एकीत खोबरेल भरलंय."

"पण या कोणाच्या गोळ्या? तुझ्या की ॲनीकाकीच्या?"

खिडकीत ॲनीकाकीचा चेहरा आला. "दोघींच्या. एकत्र केल्यात."

ॲनिशाने चहाची बशी खाली ठेवली. "का?"

"अगं, बाटल्या द्यायला आलेल्या त्या पोरीनं किती नीट समजावून सांगितलं होतं," ॲनीकाकी म्हणाली. "एकीच्या बाटलीत औषध असेल, एकीच्या बाटलीत खडू. कोणाला काय, ते एका देवाला ठाऊक."

"देवाला नाही. संगणकाला, म्हणाली ती," फ्लॉसीकाकीने दुरुस्ती केली.

"तेच ते. मग म्हटलं, एका घरात एकीनं औषध खायचं आणि एकीनं खडू चघळायचा? वर सासूबाई बसल्यात बघत. पाणी वाटून घेतो, गोळ्याही घेतल्या वाटून. रोज एकेक, न बघता. ज्याच्या हाताला जे लागेल ते."

"आणि हिच्या हाताला रोज खडूच लागतो," फ्लॉसीकाकी म्हणाली. "बोटं अजून तशीच आहेत हिची."

"लागणारच. थोरलीनं आधी हात घालायचा. चांगल्या गोळ्या सगळ्या हिच्याच पोटात."

"तुझी बोटं कामानं आखडली असती तर मानलं असतं."

ॲनिशाने हळू आवाजात विचारले, "असं अजून कोणी केलं का?"

जावांनी एकमेकींकडे पाहिले. या एका बाबतीत त्यांचे एकमत दिसले. "आपल्या आळीत सगळ्यांनीच केलं," फ्लॉसीकाकी म्हणाली. "एडवर्ड सोडून. तो कोणाला काही देतो होय? का गं, चुकलं का काही?"

"नाही, काकी," ॲनिशा म्हणाली. "तुमचं नाही चुकलं."

मोगऱ्याची टोपली घेऊन ती वाडीच्या वाटेने परत निघाली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या केळींच्या मधून येणारे ऊन तिला पाण्याखालून पाहिल्यासारखे हलताना दिसले. चाचणी रचताना त्यांनी माणसे सुटी सुटी मोजली होती. इथे माणूस सुटा नव्हताच. एक विहीर, एक चूल, एक पाळी, एक बरणी. औषध घेणाऱ्यांना निम्मा खडू मिळाला होता, खडूवाल्यांना निम्मे औषध. दोन गट एकमेकांत मिसळून एकाच रंगाचे झाले असतील, तर फरक दिसायचा कसा? आणि या फिकट फरकाला शास्त्राच्या भाषेत 'परिणाम आढळला नाही' असे म्हटले जाणार होते.

तिने डॉक्टरांना फोन करून सगळे सांगितले. ते इतके आनंदले की त्यांचा आवाज तरुण वाटू लागला.

"म्हणजे गोळी चालते. मी सांगत होतो. ती आळी काढून टाक गणितातून आणि परत बघ."

तिने ती आळी काढली. तो आकडा रेघेखाली उतरला. पुरता, सभ्यपणे, कोणाचाही आक्षेप राहणार नाही असा. ॲनिशाला मनापासून आनंद झाला. तिने संगणक मिटला, टोपलीवर ओले फडके टाकले आणि ओटीवरच्या आरामखुर्चीत डोके टेकले. डॉक्टर सुखी होतील, काकीला गोळी मिळत राहील. आणि यात खोटे काय होते?

डोळा लागला. ती विहिरीच्या कठड्यावरून आत उतरली. पायऱ्या नसताना उतरली, आणि पाण्याच्या पलीकडे भुईगाव होते. तेच, पण आवाज नसलेले. केळीची पाने हलत होती, त्यांचा सळसळाट नव्हता. स्टॅनीकाका सायकलवरून गेले आणि चाके जमिनीला टेकली नाहीत. तिला ठाऊक होते की हे ते गाव आहे. इथली प्रत्येक गोळी पोकळ आहे. इथे औषध असे काही नाहीच. ती काकींच्या घराकडे वळली. आखडलेले हात पोटाशी धरून बसलेली फ्लॉसीकाकी तिला दिसणार होती आणि त्या दृश्यासाठी तिने मन घट्ट केले होते.

फ्लॉसीकाकी पाठमोरी उभी होती. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कळी धरून देठाला पीळ देत होती. पांढऱ्या कळ्या ओंजळीत पडत होत्या.

"काकी, तुझी बोटं?" तिने विचारले.

"सुटली," काकी वळून म्हणाली. "साथीचं दुखणं. कोणाचं वर्षात सुटतं, कोणाचं नाही. तू कशाला वाकून बघत होतीस?"

ती जागी झाली, तेव्हा ऊन ओटीवर चढले होते आणि मोगऱ्याचा वास सगळीकडे पसरला होता. तिला कोणतेही नवे गणित सुचले नव्हते. फक्त एक साधी गोष्ट तिच्यासमोर येऊन बसली होती. काकीची बोटे दोन्ही गावांत सुटू शकत होती. आणि उत्तर आवडले असते, तर त्या बरणीविषयी तिने डॉक्टरांना फोन केलाच असता, असे छातीवर हात ठेवून तिला म्हणता येईना. कदाचित तेव्हाही गोळ्या अशाच वाटल्या गेल्या असत्या आणि कोणी विचारले नसते. नावडत्या उत्तराची चौकशी करायची, आवडत्याला तसेच सोडायचे. हीच तर त्या कंपनीची रीत होती. ती तिथून निघून आली होती, रीत मात्र तिच्याबरोबर आली होती. जिथली बरणी तिला दिसली ती आळी तिने वगळली. जिथली दिसली नाही, तिथे बरण्या नव्हत्या असे कोण म्हणेल? आणि एडवर्डचे काय? त्याने नियम पाळला होता. आळीसोबत त्यालाही तिने काढून टाकले होते.

सोमवारी सकाळी ती रिक्षाने वसईला डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा तो जुना, उंच छपराचा दवाखाना. खिडकीबाहेर बदामाचे झाड, आत फिनेलचा वास. डॉक्टरांनी अहवाल हातात घेतला आणि रीतीप्रमाणे शेवटच्या पानावर गेले.

"'या अभ्यासावरून गोळीचा परिणाम आहे की नाही, हे ठरवता येत नाही,'" त्यांनी मोठ्याने वाचले. चष्मा काढला. "हे काय आहे?"

"खरं आहे ते."

"आळी वगळून जे आलं होतं, ते कुठे गेलं?"

"तेही लिहिलंय. उत्तर पाहिल्यानंतर वगळली, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये, असं लिहिलंय. बरणी मला नातेवाइकांच्या घरी दिसली, हेही लिहिलंय."

"'माहीत नाही' हे सांगायला माणसाला एवढी वर्षं आणि एवढे पैसे लागत नाहीत, ॲनिशा. ते मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं."

"तुम्ही पहिल्या दिवशी 'माहीत आहे' असं सांगितलं होतं, डॉक्टर."

ते हसले नाहीत.  "त्यांना हो किंवा नाही हवं असतं. अशा ओळीला कोणी पैसे देत नाही. तू माझी गोळी मारली नाहीस खरी, पण जगवलीही नाहीस."

"'नाही' लिहिलं असतं, तर कोणी परत विचारलंच नसतं. 'हो' लिहिलं असतं, तरी विचारलं नसतं. प्रश्न तेवढा उघडा राहू दे."

"आणि उद्या तुझी काकी आली, हात पुढे करून? तिला काय सांगू? प्रश्न उघडा आहे?"

 बाहेरच्या बाकावर कोणीतरी खोकले. मग डॉक्टरांनी लेखणी उचलली, तिच्या सहीशेजारी आपली सही केली आणि कागद तिच्याकडे न बघता सरकवला.

गोळ्या येणे थांबले. संस्थेकडून पोच आली, उत्तर आले नाही. बरणीत तळाशी थोड्या गोळ्या उरल्या होत्या, त्या दिवशी ॲनिशा काकींकडे ते सांगायला गेली. फ्लॉसीकाकी ओटीवर गजरे ओवत होती. ॲनीकाकी आपल्या बाजूच्या पायरीवर, पाठ भिंतीला लावून बसली होती.

"आता एकदा खरं सांग," फ्लॉसीकाकी म्हणाली. "माझी बाटली औषधाची होती ना?"

"बाटली कोणाची कसली, ते डॉक्टर सांगतील. पण रोज तुझ्या हाताला कुठली लागली, ते आता कोणीच सांगू शकत नाही."

"आणि बोटं सुटली ती?"

"सुटली, हे खरं. कशानं, ते मला माहीत नाही, काकी."

फ्लॉसीकाकीने हात समोर धरून बोटे उघडली, मिटली. ती रागावेल असे ॲनिशाला वाटले होते. ती म्हणाली, "इतकी शिकून तू हे म्हणतेस, म्हणजे ते कठीण असणार."

संध्याकाळ होत होती. ॲनीची पाळी होती, म्हणून ॲनी उठली आणि तिने पंप सुरू केला. पाणी पाटातून वाहत भिंतीच्या अलीकडून पलीकडे गेले; ॲनीच्या मोगऱ्याला, अळूला, केळीला, ज्याच्या त्याच्या वाट्याचे. ॲनिशा ते बघत बसली. ती आता पेंगत नव्हती, पण बाहेरून पाहणाऱ्याला तसेच वाटले असते.

"काकी," ती म्हणाली, "परत कधी हे करायचं झालं, तर माणसागणिक बाटली द्यायची नाही. विहिरीगणिक द्यायची. एका विहिरीवरच्या सगळ्यांना एकच. पलीकडच्या विहिरीवरच्यांना दुसरी. मग तुम्ही खुशाल वाटून घ्या."

"म्हणजे आपल्या विहिरीला खडू आला तर?" फ्लॉसीकाकीने विचारले.

"तर दोघींना खडू."

पाटाजवळून ॲनीकाकीचा आवाज आला. "चालेल. निदान ही तरी माझ्या वाटचं खाणार नाही. लिही माझं नाव."

"कोण देणार आहे पैसे, ते अजून ठाऊक नाही," ॲनिशा म्हणाली.

"तू नाव तर लिही."

फ्लॉसीकाकीने गजऱ्याला गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि मग आत जाऊन बरणी आणली. उरलेल्या गोळ्या तिने पायरीवर ओतल्या, त्यांच्या दोन सारख्या राशी केल्या आणि एक रास भिंतीपलीकडे सरकवली. विहिरीतले पाणी पंपाने खाली गेले होते. ॲनिशाने कठड्यावरून पाहिले, तेव्हा खालचे गाव लांब आणि अंधुक झाले होते, पण तिथेही कोणीतरी वाकून वर पाहत होते.